बारा पिल्लांतले सहा कोंबडे

परसात चार कोंबड्या पाळायच्यात, कुठून सुरुवात करू, असं कुणी विचारलं की मी आधी एकच विचारतो : कापणार कोण? समोरचा हसतो. त्याच्या डोळ्यांपुढे सकाळची गरम अंडी असतात, अंगणात टिपणाऱ्या कोंबड्या असतात. सुरीचा विचार अजून कुणी केलेला नसतो.

पण हिशेब साधा आहे. तुम्ही एक दिवसाची बारा पिल्लं आणता. मिश्र पिल्लांत नर-मादी निवडलेले नसतात, त्यामुळे त्यातली साधारण सहा कोंबडे निघणार. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. उरलेले पाच पाचव्या महिन्यापासून एकमेकांचे तुरे फोडतात, तलंगांच्या, म्हणजे नुकत्या वयात आलेल्या कोंबड्यांच्या, पाठीवरची पिसं उपटून काढतात आणि पहाटे चारला सगळी वाडी उठवतात. त्यांचं काय करायचं हे पिल्लं आणण्याआधी ठरवा. आठवडी बाजारात जिवंत विकणार, कुणाला देणार, की घरी कापून खाणार? यातलं काहीच जमणार नसेल तर पिल्लं आणूच नका. अंड्यावर आलेल्या चार तलंगा विकत घ्या आणि सुखात राहा. तोही मार्ग चांगलाच आहे, फक्त महाग पडतो.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांजा तालुक्यात. मागे परसू, चार माड, एक फणस आणि जुना मांगर. पुढे जे लिहिलंय ते या जागेवरचं आहे. विदर्भातल्या उन्हाला किंवा शहराकडच्या बंगल्याच्या आवाराला थोडं बदलून घ्यावं लागेल. शहराच्या हद्दीत असाल तर महापालिकेचे आणि सोसायटीचे नियम आधी विचारून घ्या, कोंबड्याच्या आरवण्यावरून भांडणं होतात.

कोणती पिल्लं

गावरान कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी देते. कमी आहेत, पण ती स्वतः अंड्यांवर बसते, पिल्लं काढते, घारीची सावली दिसली की ओरडून सगळ्यांना फणसाखाली घेऊन जाते. वनराजा आणि ग्रामप्रिया या हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने काढलेल्या जाती आहेत, गिरिराजा बंगळुरूची. वनराजा शंभर-एकशेदहा अंडी देते आणि अंगानेही भरते. ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांसाठी आहे, खाद्य नीट दिलं तर दीडशेच्या पुढे जाते. या सुधारित कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, अंडी उबवायला बसत नाहीत, म्हणजे पिल्लं हवी तर पुन्हा विकत आणा किंवा त्यांची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवा. त्या अंड्यांतून निघालेली पुढची पिढी आईबापासारखीच निघेल याची खात्री नाही. गिरिराजा जड असते, तिला चटकन उडता येत नाही. घार आणि कुत्रं दोघांनाही ती आयती सापडते.

कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआचा. २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आणि नंतर आपल्याकडे त्याच्या नावावर बरेच जण फसले. पाळायला वाईट नाही, पण पहिल्याच खेपेला घेऊ नका. पिल्लू महाग असतं, वाढ सावकाश होते, आणि नवशिक्याची चारेक पिल्लं मरतातच.

बाजारात टोपलीत गुलाबी, हिरवी, पिवळी रंगवलेली पिल्लं मिळतात ती मात्र अजिबात घेऊ नका. बहुतेक ती अंड्यांच्या व्यवसायातली नको असलेली नर पिल्लं असतात. कितीही खाऊ घाला, अंगाला मांस धरत नाहीत. मुलांचा हट्ट म्हणून आणतात आणि तिसऱ्या दिवशी मुलंच रडतात.

पशुसंवर्धन खात्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुण्यात खडकीला, कोल्हापुरात, नागपुरात आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. आधी नोंदणी करून ठेवावी लागते. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारलंत तर पुढची खेप कधी, ते कळतं. पिल्लं कुठूनही घ्या, ‘मरेक्सची लस टोचली आहे का’ एवढं विचारा. मरेक्स हा कोंबड्यांना लुळं पाडणारा रोग. ती पहिल्याच दिवशी उबवणी केंद्रात द्यायची असते, नंतर घरी देऊन उपयोग नाही.

खुराडा पिल्लांच्या आधी

आधी पिल्लं आणून मग खुराडा बांधणारा माणूस रात्री डालग्यावर, म्हणजे पिल्लं झाकायच्या बांबूच्या टोपलीवर, दगड ठेवून झोपतो, आणि सकाळी डालगं कलंडलेलं असतं. मीच तो. त्या रात्री मुंगसाने नऊ पिल्लं मारली. खाल्लं एकच, बाकीच्यांच्या माना फोडून ठेवल्या. मुंगूस तसंच करतं.

बारा कोंबड्यांना रात्री बसायला पाच फूट बाय चार फुटांचा खुराडा भरपूर झाला. दिवसा त्या बाहेरच असणार. जमिनीपासून दोन फूट उंच, खाली विटांचे किंवा जांभ्याचे खांब. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे दुपारचं ऊन थेट आत येत नाही. कोकणात पश्चिमेकडून पाऊस मारतो, म्हणून त्या बाजूचं छप्पर दीड-दोन फूट पुढे काढा. जाळीत कंजूषी नको. षट्कोनी भोकांची स्वस्त जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला किंवा मुंगसाला बाहेर ठेवत नाही. कुत्रं ती दातांनी ओढून फाडतं. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या. दाराला नुसती कडी नको, कडीत खिळा घाला.

आत बसायला आडवी दांडी हवी, दोन इंच जाड, कडा घासलेल्या. बांबू चालतो, पण फार गुळगुळीत नको. अंडी घालायला चार-पाच कोंबड्यांमागे एक खोकं, एक फूट लांब-रुंद, आत भाताचा पेंढा, आणि खोकं दांडीपेक्षा खाली. वर असलं तर त्या खोक्यातच झोपतात आणि अंडी शेणाने माखतात. खाली भाताचा तूस तीन-चार इंच पसरा. खुराड्यात वाकल्यावर डोळे चुरचुरले तर तूस ओला झालाय, त्याच दिवशी बदला. तुमच्या नाकाला त्रास होतो ती हवा कोंबडी रात्रभर घेत असते.

पहिले चार आठवडे

एक दिवसाच्या पिल्लाला स्वतःची ऊब राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला साधारण ३५ अंश सेल्सिअस लागतं, मग दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी करत जायचं. चौथ्या-पाचव्या आठवड्यात पिसं भरली की बाहेरची हवा सोसते.

यासाठी एक मोठं खोकं किंवा पत्र्याचा गोल कडा करा, त्यात तूस, वर गोणपाट आणि दीड फुटावर एक पिवळा बल्ब. पिवळा म्हणजे जुना, तारेचा. एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही. हे कळायला माझी पहिल्याच रात्री चार पिल्लं गेली. खोकं लखलखत होतं आणि पिल्लं गारठून मेली. आता जुने बल्ब सगळीकडे मिळत नाहीत, तेव्हा आधीच शोधून दोन आणून ठेवा. एक फुटला तर रात्री दहाला दुकान उघडं नसतं. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून मधे ठेवा. निखाऱ्याची शेगडी बंद खोलीत ठेवू नका, धुराने पिल्लंही जातात आणि माणसंही.

थर्मामीटर असला तर बरा, नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली ढीग करून चिवचिवाट करत असतील तर थंडी आहे, बल्ब खाली घ्या. कडेला जाऊन चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर उष्णता झाली. सगळीकडे पसरून काही खातायत, काही पेंगतायत, अशी असतील तर हात लावू नका.

घरी आल्यावर आधी पाणी, खाद्य नंतर. लिटरभर कोमट पाण्यात सुपारीएवढा गूळ. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवा, एकाने शिकलं की बाकीची बघून शिकतात. पाण्याचं भांडं उथळ हवं आणि त्यात खडे टाका, नाहीतर पिल्लं बुडतात. दोन-तीन तासांनी मक्याचा बारीक भरडा, दुसऱ्या दिवसापासून पिल्लांचं स्टार्टर खाद्य. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र घालू नका. पाय घसरून फाकतात आणि तसेच राहतात.

रोज एकदा प्रत्येक पिल्लू उलटं करून मागची बाजू बघा. विष्ठा चिकटून वाट बंद झाली असेल तर कोमट पाण्यात कापूस बुडवून हळूच सोडवा. ओढू नका, कातडी येते. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते न केल्याने पहिल्या आठवड्यात बरीच पिल्लं जातात.

खाणं

दोन महिन्यांनंतर कोंबड्या परसात सोडल्या की निम्मं पोट त्या स्वतः भरतात : गवत, किडे, वाळवी, पडलेले दाणे. बंदिस्त कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागतं. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला ४०-५० ग्रॅम, तेही संध्याकाळी. संध्याकाळीच का? कारण दाण्यासाठी त्या आपणहून खुराड्याकडे येतात, अंधारात फणसावर चढलेली कोंबडी उतरवावी लागत नाही. डबा वाजवायची एकच हाक ठेवा. आमच्या कोंबड्या पत्र्याच्या डब्यावर तीन टिचक्या मारल्या की वाडीच्या दुसऱ्या टोकावरून पळत येतात.

तांदळाची कणी, मका, ज्वारी, थोडी शेंगदाण्याची पेंड, घरात भाजी निवडून उरलेला पाला. पेंडीला बुरशी असेल तर उकिरड्यात टाका, त्यातल्या विषाने कोंबडीचं काळीज सुजतं. अंड्यावर आलेल्या कोंबडीला चुना लागतो : शिंपल्यांचा चुरा, नसेल तर अंड्यांची टरफलं भाजून चुरून. अख्खी टरफलं टाकू नका. एकदा ती चव कळली की कोंबडी स्वतःचीच अंडी फोडून खायला लागते आणि ती खोड जात नाही.

अंगणाच्या कोपऱ्यात राख आणि माती मिसळून ठेवा. त्यात लोळून त्या उवा झाडतात.

मानमोडी

गावात कोंबड्या ‘साथीत जातात’ असं म्हणतात ती बहुतेक वेळा मानमोडी असते. कागदोपत्री हिचं नाव राणीखेत, कुमाऊंतल्या राणीखेत गावावरून पडलेलं. हिरवट पातळ विष्ठा, तोंड उघडं टाकून श्वास, मग मान पिळवटते, पाय ओढला जातो. औषध नाही. आठवड्यात सगळा खुराडा रिकामा होतो. लस मात्र आहे, आणि ती स्वस्त आहे.

पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, ही मानमोडीची पहिली लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो या दुसऱ्या रोगाची. चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा. सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची. आठव्या ते दहाव्या आठवड्यात आर-टू-बी, ही मानमोडीचीच, पण टोचायची असते. तुमच्या भागात कोणती साथ आहे ते पाहून दवाखान्यातले डॉक्टर यात बदल करतात, त्यांचं ऐका.

खरी अडचण वेगळीच आहे. लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची असते आणि तुमच्याकडे बारा. कुपी एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते, उरलेली फुकट. त्यामुळे एकटा माणूस लस आणतच नाही. आम्ही वाडीत एक दिवस ठरवतो. बर्फाच्या थर्मासमधून कुपी येते, शेजारचे काका पिल्लू धरतात, मी थेंब टाकतो, घरोघर फिरून दीड तासात संपवतो. शेजाऱ्याच्या कोंबड्यांना लस नसेल तर तुमच्या खुराड्यालाही धोका राहतोच.

पावसाळ्यात रक्ती हगवण येते, विष्ठेत रक्त दिसतं, पिल्लं पिसं फुगवून कोपऱ्यात उभी राहतात. हिला औषध आहे, पण लगेच द्यावं लागतं. ओला तूस हेच तिचं घर.

एकाच दिवशी बऱ्याच कोंबड्या अचानक मेल्या, तुरे निळे-काळे पडले, तर हात लावू नका, कापू नका, कुणाला देऊ नका, दवाखान्यात कळवा. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा २००६च्या फेब्रुवारीत सापडला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला. तिथल्या पोल्ट्रीवाल्यांना लाखो पक्षी पुरावे लागले.

खुडूक

गावरान कोंबडी अंडी घालायची थांबली, खोक्यातून उठेना, हात नेला की पिसं फुलवून चोच मारते, की ती खुडूक झाली. पिल्लं हवी असतील तर दहा-बारा अंडी निवडा, आठवड्याच्या आतली, न धुतलेली, मध्यम आकाराची. ती तिच्याखाली रात्री ठेवा. दिवसा ठेवली तर उठून जाते. डालग्यात पेंढा, बाजूला पाणी आणि दाणा. आजी डालग्यात एक लोखंडाचा खिळा ठेवायची, विजांनी अंडी बिघडू नयेत म्हणून. मी अजून ठेवतो. त्याने काही बिघडत नाही.

सातव्या रात्री अंधारात टॉर्चवर अंडं धरून बघा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव धरलाय, स्वच्छ पिवळं दिसलं तर ते काढून टाका. एकविसाव्या दिवशी पिल्लं टरफलं फोडतात. मदत करायला जाऊ नका.

कापणं

आता पहिल्या प्रश्नाकडे. सुधारित जातीचे कोंबडे तीन-साडेतीन महिन्यांत खाण्याजोगे होतात, गावरानला पाच-सहा महिने लागतात. त्यापुढे ठेवलात तर खाणं वाया आणि मांस चिवट.

आजारी पक्षी कापायचा नाही, हे पहिलं. डोळे तेजदार, तुरा लाल, विष्ठा घट्ट असेल तरच. औषध चालू असेल तर डॉक्टरांनी सांगितलेले दिवस जाऊ द्या. ‘मरायच्या आत कापून टाकू’ हा गावातला जुना हिशेब आहे, तो धोक्याचा आहे.

आदल्या रात्री कोंबडा दांडीवर पेंगत असतानाच उचला. अंधारात तो ओरडत नाही, पळत नाही. डालग्याखाली ठेवा. पाणी द्या, दाणा देऊ नका. आठ-दहा तास पोट रिकामं राहिलं की आतडी फुटून मांस खराब होण्याची भीती कमी होते. सकाळी अंगणभर पाठलाग करून धरलेल्या कोंबड्याचं मांस कडक होतं. आणि तो पाठलाग तुमच्याही मनाला बरा नाही.

सामान आधी मांडा, मधेच शोधाशोध नको : धारदार सुरी, दोन मोठी पातेली, बादली, स्वच्छ पाणी, हळद, मांस कापायला वेगळी पाटी, राख. सुरीबद्दल जरा सांगतो. माझा पहिला कोंबडा शेपटीत एक पांढरं पीस असलेला होता. स्वयंपाकघरातली सुरी नेली, आंबे कापायची. एका फटक्यात झालं नाही. दुसऱ्यांदा दाबावी लागली. त्यानंतर महिनाभर खुराड्याकडे जायला नको वाटायचं. आता सुरी आदल्या संध्याकाळी दगडावर लावतो आणि वर्तमानपत्राचं पान हवेत धरून कापून बघतो. पान फाटलं तर पुन्हा लावायची, सरळ कापलं गेलं तरच ती चालेल.

दुसरी सोय म्हणजे नळकांडं. पाच लिटर तेलाचा रिकामा कॅन घ्या, बूड कापून टाका, तोंड मानेइतकं मोठं करा आणि उलटा करून खांबाला खिळ्याने ठोका. कोंबडा वरून डोकं खाली करून आत सोडायचा, मान खालच्या भोकातून बाहेर येते. पंख आत दाबलेले राहतात, त्यामुळे तो फडफडत नाही, हाडं मोडत नाहीत, आणि उलटा धरला की अर्ध्या मिनिटात शांत होतो. कॅन नसेल तर खाद्याच्या गोणीचा एक कोपरा कापूनही हेच होतं. तंगड्या पायाखाली दाबून मान कापण्यापेक्षा हे शंभरपट बरं.

डाव्या हाताने डोकं धरा, मान किंचित ताणा. जबड्याच्या लगेच खाली, पिसं बाजूला सारून, दोन्ही बाजूंच्या मोठ्या शिरा एका ओढीत कापा. रक्त धारेने आलं पाहिजे. ठिबकत असेल तर कमी कापलंय, लगेच पुन्हा कापा, थांबू नका. काही सेकंदांत शुद्ध जाते. नंतरचे झटके शरीराचे असतात, पण पहिल्यांदा बघताना ते पटत नाही. दोन-तीन मिनिटं पूर्ण निथळू द्या. कुणाकडे अल्लाचं नाव घेतात, कुणाकडे देवाला दाखवून कापतात, तुमच्या घरची रीत तुम्ही पाळा. सुरी धारदार सगळीकडेच हवी.

मग पाणी. पिसं सुटायला साधारण ६० ते ६५ अंशांचं पाणी लागतं. सोपा हिशेब असा : जितकं खळखळ उकळतं पाणी तितकंच नळाचं साधं. थंडीच्या दिवसांत उकळतं थोडं जास्त. उकळत्या पाण्यात थेट बुडवलात तर कातडी शिजते आणि पिसांबरोबर सोलून येते. पाय धरून पूर्ण बुडवा, आत हलवत राहा, म्हणजे पाणी पिसांच्या मुळांपर्यंत जातं. मिनिटभराने पंखाचं एक लांब पीस ओढून बघा. अलगद आलं की बाहेर काढा. जुन्या कोंबड्याला दीड मिनिट लागतं.

आधी पंख आणि शेपटी, कारण ती गार झाली की अडकतात. मग छाती, मांड्या, पाठ. अंगठ्याने चोळत गेलं की बारीक पिसं गुंडाळून निघतात. उरलेली केसांसारखी लव चुलीच्या जाळावर किंवा पेटत्या पेंढ्यावर फिरवून भाजायची. या वासाने वाडीतली सगळी मांजरं गोळा होतात. मग अंगाला हळद चोळा, मिनिटभर ठेवा, धुऊन टाका. ज्यांना हा सगळा खटाटोप नको ते सरळ कातडी सोलतात. दहा मिनिटांत होतं, पण भाजलेल्या कातडीची चव रश्श्यात येत नाही. आमच्या घरी या एका गोष्टीवर तडजोड नाही.

आता आतलं काम, सावकाश. पाय गुडघ्याच्या सांध्यावर कापा, हाडावर नाही, सांध्यात सुरी आपोआप शिरते. शेपटीच्या वर एक पिवळी तेलाची गाठ असते, ती खोल कापून काढा, नाहीतर वास येतो. मानेच्या बुडाशी कातडीखाली दाण्याची पिशवी असते, ती बोटाने सोडवून घ्या. मग कोंबडा पाठीवर ठेवा. छातीच्या हाडाच्या टोकाखाली फक्त कातडी आणि पातळ पडदा कापा, सुरीचं टोक वर धरून, आणि गुदद्वाराभोवती गोल कापत या. आतडं कापलं तर सगळं वाया, म्हणून इथे घाई नको. हात आत घाला, बोटं वरच्या बाजूने, फासळ्यांना लागून पुढे न्या, सगळं एकत्र धरून हळू ओढा. गरम असतं, घसरतं, पण एका ओढीत बाहेर येतं.

त्यात काळीज शोधा. त्याला चिकटलेली हिरवी पिशवी म्हणजे पित्त. ती फुटली तर जिथे लागेल तिथे कडू होतं. तिच्याबरोबर काळजाचा छोटा तुकडा कापून टाका, लोभ करू नका. पेटा, म्हणजे ते दगडासारखं जाड पोट, मधोमध उभं चिरा, आतले खडे टाका, पिवळी खरबरीत साल बोटांनी सोलून काढा. हृदय दाबून आतलं रक्त काढा. फुफ्फुसं फासळ्यांत रुतलेली असतात, गुलाबी स्पंजासारखी, ती नखाने खरवडून काढा.

इथे एक क्षण थांबून बघा. काळीज एकसारखं तांबूस-तपकिरी हवं. त्यावर पांढरे ठिपके, गाठी, पोटात पाणी, घाण वास, यातलं काहीही असेल तर तो कोंबडा खायचा नाही. सहा महिने पाळला असला तरी खड्ड्यात चुना घालून पुरायचा, आणि बाकीच्यांची विष्ठा दवाखान्यात दाखवायची.

धुताना नळाखाली धो धो पाणी सोडू नका. कच्च्या मांसाचे शिंतोडे शेजारच्या भाजीवर उडतात आणि पोटाचे आजार तिथूनच येतात. पातेल्यात बुडवून दोन-तीन पाण्यांनी धुवा. सुरी, पाटी, हात साबणाने. कोशिंबिरीला ती पाटी वापरायची नाही. दोन किलोच्या जिवंत कोंबड्यातून कातडीसकट साधारण १४०० ग्रॅम हाती येतं, सोललात तर आणखी कमी. बाजारभावाशी तुलना करायची असेल तर हाच आकडा धरा.

घरापुरतं कापायला एवढं बस आहे. कापून विकायचं म्हटलं की अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी लागते, ते वेगळं काम.

पिसं, आतडी, डोकं दोन-अडीच फूट खोल खड्ड्यात, वर राख आणि माती, त्यावर एक जड दगड. दगड विसरू नका. एकदा कुत्र्याने उकरून खाल्लं की त्याला कोंबडीची चव कळते, आणि पुढच्या वेळी ते खड्ड्याकडे न जाता खुराड्याकडे जातं. आमच्याकडे हे खड्डे माडांच्या आळ्याबाहेर पाळीपाळीने काढतो.

चुलीवर

कापल्यावर तासाभरात शिजवायला घ्या किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत फ्रिजमध्ये झाकून ठेवा. मधल्या काही तासांत मांस ताठरतं. तेव्हा शिजवलं की दोरीसारखं लागतं आणि लोक म्हणतात गावरान चिवटच असतं. रात्रभर ठेवलेलं मांस पुन्हा सैल पडतं. सकाळी मांडी हलवून बघा, सहज वाकली की तयार.

बाजारच्या ब्रॉयलरच्या अंदाजाने गावरान शिजवू नका. पाच-सहा महिन्यांच्या कोंबड्याला कुकरमध्ये मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, पातेल्यात तासभर तरी. आधी हळद, मीठ, आलं-लसूण लावून भरपूर पाण्यात अळणी शिजवून घ्या. वर पिवळी चरबी तरंगली पाहिजे. त्यातला वाटीभर रस मुलांना आणि म्हाताऱ्यांना आधी द्या, मिरी घालून. वाटण नंतर. वड्यांचं पीठ मात्र कोंबडा चुलीवर चढवायच्या आधीच मळून ठेवलेलं असावं, कारण काळीज आणि पेटा त्याच पातेल्यातून चोरून खाणारे घरात असतातच आणि वडे होईपर्यंत पातेल्यात नुसता रस्सा उरतो.